स्वस्त कंट्रोलर महाग का पडतो? रोबोटिक्स स्पर्धेच्या नियमपुस्तिकेतून धंद्याचा धडा



कॉस्टिंगच्या व्हिडिओत मी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या रोबोटचं उदाहरण दोन मिनिटांत उरकलं होतं. व्हिडिओला वेळेची मर्यादा असते, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. विषय मोटर कंट्रोलरचा आहे. "आपण तर पापड-मसाले करतो, आपल्याला काय त्याचं?" असं म्हणून पान बंद करू नका. "मंजूर यादीतलाच माल लागेल" हे वाक्य तुम्हाला धंद्यात कधी ना कधी ऐकावं लागणारच आहे.

माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. सरकारी कामाचा कॉन्ट्रॅक्टर काउंटरवर आला की पहिला प्रश्न भावाचा नसतो. तो विचारतो, "अप्रूव्हड मेकमध्ये आहे का?" टेंडरसोबत मंजूर कंपन्यांची यादी असते. त्या यादीत नसलेली वायर तुम्ही निम्म्या भावात दिली तरी तो घेणार नाही. नवीन उद्योजकाला याचा राग येतो. त्याला वाटतं, ही यादी मोठ्या कंपन्यांनी आपल्याला बाहेर ठेवायला केली आहे.

माझं मत वेगळं आहे. यादीचा नियम बऱ्याचदा लहान माणसाच्या बाजूचा असतो, पण दोन अटींवर. यादीचं दार नव्या पुरवठादाराला उघडं पाहिजे, आणि खर्चाची मर्यादा योग्य ठिकाणी लावलेली पाहिजे. रोबोटच्या स्पर्धेत या दोन्ही गोष्टी अगदी स्वच्छ दिसतात.

आधी स्पर्धा समजून घ्या

'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन', म्हणजे एफआरसी, ही हायस्कूलच्या मुलांची स्पर्धा. डीन केमन या संशोधकाने १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था सुरू केली आणि १९९२ मध्ये पहिली स्पर्धा झाली. दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो आणि काही आठवड्यांत मुलं पन्नास किलोच्या आसपासचा रोबोट उभा करतात. मैदानात तीन टीमची एक युती विरुद्ध दुसऱ्या तीन टीमची युती असा सामना होतो. आपल्याकडून, मुंबईतूनसुद्धा, या स्पर्धेत टीम उतरल्या आहेत.

रोबोट चालतो १२ व्होल्टच्या लेड ॲसिड बॅटरीवर. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये जो डबा बसतो तो मोटर कंट्रोलर. पंख्याचा रेग्युलेटर जसा पंख्याचा वेग कमी-जास्त करतो, तसं हे काम. फरक इतकाच की हा मोटर उलटीही फिरवतो आणि त्यातून ४० ॲम्पियरच्या ब्रेकरपर्यंतचा करंट जातो. ई-रिक्षावाल्याला विचारा, कंट्रोलर गेला की काय होतं. गाडी जागेवर.

नियम काय म्हणतो

एफआरसीच्या नियमपुस्तिकेत मोटर कंट्रोलरची नावं दिलेली आहेत. त्या यादीतलेच वापरायचे. स्वतः सर्किट बनवून लावायचं नाही. यादीतला कंट्रोलरही उघडून आत बदल करायचा नाही. तारा हव्या तेवढ्या कापणं, लेबल लावणं असे मोजकेच बदल चालतात. मोठ्या मोटरला प्रत्येकी एक कंट्रोलर आणि प्रत्येक कंट्रोलरला स्वतःचा वेगळा ब्रेकर. स्पर्धेच्या ठिकाणी स्वयंसेवक तपासनीस हे सगळं बघतो आणि त्याने पास केल्याशिवाय रोबोट सामन्यात उतरत नाही.

आता आपल्याकडचा बाजार बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत गेलात तर बीटीएस७९६० चिपचं मोटर ड्रायव्हर मॉड्यूल काहीशे रुपयांत मिळतं. वर लिहिलेलं असतं ४३ ॲम्पियर. एफआरसीच्या यादीतला कंट्रोलर मात्र हजारोंच्या घरात जातो. मग गरीब शाळेच्या टीमने काय करायचं? नियम श्रीमंतांच्या सोयीचा नाही का?

हा आक्षेप मला पटतो, असं सुरुवातीला कोणीही म्हणेल. पण जरा हिशेब मांडू.

नियमाच्या बाजूने चार गोष्टी

एक, डब्यावरचा आकडा. ४३ ॲम्पियर हा त्या चिपचा वरचा आकडा आहे. अंगठ्याएवढ्या हीटसिंकवर तेवढा करंट सतत चालत नाही. हे अनुभवी माणसाला माहीत असतं, पंधरा वर्षांच्या मुलाला नसतं. तो आकडा वाचतो, मोटर जोडतो आणि धूर निघतो. यादीतल्या वस्तूचा आकडा कोणीतरी आधी तपासलेला असतो, त्यामुळे ती जबाबदारी मुलावर येत नाही.

दोन, दुसऱ्याचं नुकसान. सामना तीन टीम मिळून खेळतात. तुमचा कंट्रोलर मध्येच बंद पडला तर हार तिघांची होते. तुमच्या बचतीची किंमत शेजारच्याने का मोजायची?

तीन, तपासणी. एका स्पर्धेत चाळीस-पन्नास रोबोट असतात आणि तपासणारे स्वयंसेवक असतात. प्रत्येकाचं घरगुती सर्किट समजून घ्यायला त्यांना वेळ कुठला? यादी असली की दोन मिनिटांत काम होतं. ज्याच्याकडे तज्ज्ञ नाही, ज्याला आपलं सर्किट इंग्रजीत समजावून सांगता येत नाही, त्याची सोय यात जास्त आहे.

चार, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: यादी श्रीमंताचे हात गरिबापेक्षा जास्त बांधते. नियम उठवला तर गरीब टीम स्वस्त मॉड्यूल लावेल. पण ज्या टीमच्या मागे मोठ्या कंपनीचे इंजिनिअर उभे आहेत, ती स्वतःसाठी खास कंट्रोलर बनवून घेईल. तो बाजारात कोणालाच मिळणार नाही. आज यादीमुळे दोघांच्या रोबोटवर तोच डबा असतो. शिवाय सगळ्यांचा डबा एकच असला की तुमचा जळाला तर शेजारच्या टीमकडून उसना मिळतो, जुना झाला तरी दुसरी टीम विकत घेते. आपल्या दुकानदारीच्या भाषेत, मालाला रीसेल आहे.

भाव कधी उतरले, कधी चढले

आता पहिली अट, दार उघडं असण्याची. ही कहाणी धंदा शिकणाऱ्याने लक्ष देऊन वाचावी.

बरीच वर्षं या स्पर्धेत एकाच घरचा कंट्रोलर चालायचा, इनोव्हेशन फर्स्ट या टेक्सासच्या कंपनीचा 'व्हिक्टर'. त्यातल्या 'व्हिक्टर ८८४' ची किंमत शंभर डॉलरच्या वर होती. २००९ मध्ये नवी कंट्रोल सिस्टिम आली आणि तिच्याबरोबर 'जॅग्वार' नावाचा दुसरा कंट्रोलर आला. त्यानंतर मिशिगनच्या क्रॉस द रोड इलेक्ट्रॉनिक्सचे 'टॅलन' आले. २०१५ च्या हंगामात 'टॅलन एसआरएक्स' सुमारे ९० डॉलरला आणि साधा 'व्हिक्टर एसपी' सुमारे ६० डॉलरला होता. २०१६ च्या हंगामात रेव्ह रोबोटिक्स या नव्या कंपनीने 'स्पार्क' आणला, ४५ डॉलरला. पुढे २०१८ मध्ये 'व्हिक्टर एसपीएक्स' ५० डॉलरला आला.

बघा काय झालं. नियम तोच राहिला: यादीबाहेरचं चालणार नाही. तरी शंभरच्या वरचा भाव पन्नासच्या खाली आला. यादी होती म्हणून भाव चढला असं नाही, यादीत एकच नाव होतं म्हणून चढला होता. नावं वाढली, भाव उतरला. म्हणून "यादी रद्द करा" अशी मागणी करण्यापेक्षा "यादीत येण्याचा रस्ता लिहून द्या" ही मागणी जास्त शहाणपणाची. हे टेंडरलाही लागू आहे, शाळेच्या कँटीनच्या कंत्राटालाही लागू आहे.

आता भाव परत कसे चढले तेही बघू, कारण दुसरी अट तिथे आहे. २०१९ च्या हंगामात रेव्हने ब्रशलेस मोटर आणली, 'निओ'. सोबत 'स्पार्क मॅक्स' कंट्रोलर. मोटर ४० डॉलर, कंट्रोलर ७५ डॉलर, मिळून ११५. पुढच्या हंगामात 'फाल्कन ५००' आली. तिच्यात कंट्रोलर मोटरच्या आतच बसवलेला, किंमत सुमारे १४० डॉलर. त्यानंतरची 'क्रॅकन एक्स६०' दोनशे डॉलरच्या आसपास गेली. माल चांगला आहे, ताकद जास्त, तारा कमी. वाद त्यावर नाहीच.

वाद मर्यादेवर आहे. अलीकडच्या नियमपुस्तिकांमध्ये एका वस्तूची किंमत ६०० डॉलरच्या वर नसावी असा नियम आहे. ऐकायला कडक वाटतो. पण दोनशे डॉलरची मोटर आरामात त्याच्या खाली बसते, आणि अशा आठ घेतल्या तरी प्रत्येक वस्तू मर्यादेतच राहते. 'स्वर्व्ह' पद्धतीच्या गाडीत चारही चाकं स्वतंत्र वळतात, म्हणून प्रत्येक चाकाला दोन, अशा आठ मोटर लागतात. जुन्या साध्या गाडीत चार 'सिम' मोटर, प्रत्येकी तीसेक डॉलरच्या, आणि चार ५० डॉलरचे कंट्रोलर, म्हणजे ३२० डॉलरमध्ये काम व्हायचं. आठ महागड्या मोटर घेतल्या तर १,६०० डॉलर, आणि त्यात चाकाचे मॉड्यूल धरलेले नाहीत. म्हणजे पाचपट.

माझं स्पष्ट मत आहे: यादी ठेवा, पण खर्चाची मर्यादा एका वस्तूवर न लावता पूर्ण गाडीवर लावा. या स्पर्धेत बरीच वर्षं रोबोटच्या एकूण खर्चावर मर्यादा होती आणि खर्चाचा तक्ता तपासणीला दाखवावा लागायचा. तक्ता भरणं कटकटीचं होतं हे मान्य. पण त्या कटकटीत मुलं कॉस्टिंग शिकत होती. मला विचाराल तर इंजिनिअरिंगइतकंच ते शिक्षण मोलाचं आहे.

भारतातल्या टीमचा खरा खर्च

आता आपला हिशेब. आकडे मी समजायला सोपे म्हणून धरतोय, तुम्ही तुमच्या दिवसाचा भाव घाला.

समजा कंट्रोलर ९० डॉलरचा. डॉलर ८५ रुपये धरू. झाले ७,६५० रुपये. बहुतेक टीम इथेच थांबतात आणि बजेटमध्ये हाच आकडा लिहितात. त्यावर कुरियर, कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी मिळून ४० टक्के धरा. झाले १०,७१० रुपये. रोबोटला सहा लागतात, म्हणजे ६४,२६०. आता स्पेअर. अमेरिकेतली टीम स्पर्धेत शेजाऱ्याकडून उसना घेईल किंवा दोन दिवसांत मागवेल. आपला माल यायला आठवडे लागू शकतात, म्हणून दोन जास्तीचे आधीच घ्यावे लागतात. आठ कंट्रोलरचे ८५,६८० रुपये.

किमतीच्या तक्त्यावरून काढलेला आकडा होता ४५,९०० आणि खरा खर्च जवळपास दुप्पट. बीबीएला याला 'टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिप' असं भारी नाव होतं. आपल्या आज्या एवढंच म्हणायच्या, गाय घेताना चाऱ्याचाही विचार कर.

म्हणून भारतातल्या टीमला माझा सल्ला असा: आठ मोटरच्या गाडीच्या मागे लागू नका. पहिल्या वर्षी चार मोटरची साधी गाडी करा, आणि वाचलेल्या पैशात स्पेअर घ्या. मैदानात थांबलेली महाग गाडी एकही गुण मिळवत नाही.

दुसरी गोष्ट, कंट्रोलर मरतात ते बहुतेक वेळा जोडणीतल्या निष्काळजीपणामुळे. बॅटरीच्या तारा मोटरच्या बाजूला जोडल्या, प्लस-मायनस उलटं झालं, ड्रिल मारताना धातूचा कीस आत पडला, लग नीट क्रिंप केला नाही. यातलं काहीही टाळायला डॉलर लागत नाहीत. चांगलं क्रिंपिंग टूल, लाल-काळ्या तारांची शिस्त आणि ड्रिल करताना वरून टाकायला एक फडकं. एवढ्यावर दोन कंट्रोलर वाचले तर वीस हजार रुपये वाचले.

आपल्याकडच्या 'रोबोकॉन' मध्ये गोष्ट वेगळी आहे. ही इंजिनिअरिंग कॉलेजांची स्पर्धा. २०१४ ची आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन पुण्यात झाली होती. तिथे मोटर कंट्रोलरची अशी बंद यादी नसते. मुलं मलेशियाच्या सायट्रॉनचे ड्रायव्हर वापरतात, मुंबईच्या नेक्स रोबोटिक्सचा 'हर्क्युलिस' वापरतात, काही स्वतः बनवतात. कॉलेजच्या मुलांना स्वतः बोर्ड बनवण्याचं स्वातंत्र्य असावं, हे मला मान्यच आहे, त्यांचा अभ्यासच तो आहे. पण हिशेब तिथेही तोच. काहीशे रुपयांची चार मॉड्यूल सरावात जाळली आणि सरावाचे चार दिवस गेले, तर स्वस्त काय पडलं?

यात तुमचा धंदा कुठे आहे?

आता मुद्द्यावर येऊ. नियमपुस्तिकेकडे अडथळा म्हणून बघणारे खूप आहेत. काही जणांनी तिच्याकडे ग्राहकाची मागणी म्हणून बघितलं.

इनोव्हेशन फर्स्ट सुरू केली ती दोन इंजिनिअरांनी. पुढे त्याच कंपनीतून व्हेक्स रोबोटिक्स उभी राहिली. अँडीमार्क ही कंपनी २००४ मध्ये इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावात अँडी बेकर आणि मार्क कूर्स यांनी काढली. दोघेही या स्पर्धेतल्या टीमना शिकवणारे. टीमना कोणते गिअरबॉक्स, कोणती चाकं कमी पडतात हे त्यांना रोज दिसत होतं. रेव्ह रोबोटिक्सही या स्पर्धेत वाढलेल्या माणसांचीच. या कोणीही "नियम बदला" म्हणून वेळ घालवला नाही. नियम वाचला, त्यात बसेल असा माल केला, आणि तो दर जानेवारीच्या आधी तयार ठेवला.

तुम्ही उद्या मोटर कंट्रोलर बनवा असं मी म्हणत नाही. पण रोबोटिक्सचे क्लास, अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळा, कॉलेजच्या टीम तुमच्या जिल्ह्यातही आहेत. त्यांना काय लागतं? हव्या त्या लांबीच्या, लग लावून तयार तारा. नियमात बसणाऱ्या ब्रेकर आणि कनेक्टरचा एकत्र संच. बोर्ड लावण्याआधी तपासून देणारा माणूस. मार्चमध्ये स्पर्धा झाली की पडून राहणारा माल भाड्याने फिरवणारा कोणीतरी. यातल्या कशालाही मोठं भांडवल लागत नाही. लागतं ते नियमपुस्तिका वाचण्याचं चिकाटीचं काम, आणि ते शेजारचा दुकानदार करत नाही.

एक इशाराही देतो. जो धंदा एकाच यादीवर उभा असतो, तो यादीबरोबर पडू शकतो. ब्रशलेस मोटर आल्या आणि जुन्या ब्रशच्या मोटरचे कंट्रोलर मागे पडले. ज्याच्या गोदामात जुना माल होता त्याचे पैसे अडकले. म्हणून नियमावर जगणाऱ्याने स्टॉक कमी आणि फिरता ठेवायचा, आणि नवी नियमपुस्तिका आली की पहिल्या दिवशी वाचायची.

या आठवड्याचा गृहपाठ

एक: तुमचा ग्राहक कोणत्या यादीने किंवा नियमाने बांधलेला आहे ते शोधा. हॉटेलवाला असेल तर अन्नसुरक्षेचा परवाना, कॉन्ट्रॅक्टर असेल तर अप्रूव्हड मेक, शाळा असेल तर खरेदीचे नियम. तो कागद मिळवा आणि पूर्ण वाचा.

दोन: त्या यादीत नवीन नाव कसं चढतं, अर्ज कोणाकडे करायचा, हे लिहून काढा. रस्ताच नसेल तर ते गिऱ्हाईक सध्या सोडा आणि वेळ दुसरीकडे लावा.

तीन: तुमच्या एका वस्तूचा पूर्ण खर्च मांडा. खरेदी, वाहतूक, कर, खराब होणारा माल, स्पेअर. शेवटचा आकडा पहिल्या आकड्याच्या किती पट आहे ते बघा. ग्राहकालाही हाच तक्ता दाखवा. "तुमचा माल महाग आहे" म्हणणारा बहुतेक वेळा फक्त पहिली ओळ बघत असतो. त्याला शेवटची ओळ दाखवणं हे विक्रेत्याचं काम आहे.

तक्ता कसा भरायचा ते पुढच्या व्हिडिओत एका मसाल्याच्या उद्योगाचं उदाहरण घेऊन दाखवतो. तोवर कागद-पेन घेऊन बसा. भेटू.